कवच निघालेली सटवाई

बयनाबाईनं तेलात भिजवलेला बोळा दगडाला लावायला आणि सटवाईचं तोंड गळून पडायला एकच गाठ पडली. नुसता पापुद्रा नव्हे, अख्खं तोंड. आधी भुईमुगाची शेंग फोडल्यासारखा आवाज झाला, मग कपाळापासून हनुवटीपर्यंतचं शेंदराचं जाड कवच पुढं झुकलं आणि तिच्या मांडीवर येऊन पडलं.

मागं तिची सून शीतल पाण्याची कळशी घेऊन उभी होती. तिनं तोंड उघडायच्या आत सासू म्हणाली,

"ओरडू नको."

शीतल ओरडणार नव्हतीच. ती तामसीच्या इंग्रजी शाळेत नर्सरीच्या पोरांना शिकवते. वर्गभर पोरांचं ओरडणं रोज ऐकणाऱ्या बाईला स्वतः ओरडायची हौस राहत नाही. तिनं कळशी खाली ठेवली आणि वाकून पाहिलं.

शेंदराखालून काळा दगड निघाला होता, आणि दगडावर कवटी. डोळ्यांच्या जागी दोन खोल खोबणी, नाकाच्या जागी तिकोनी भोक, त्याखाली दातांची ओळ, ज्वारीच्या कणसावर दाणे बसतात तशी नीट बसवलेली. आणि त्याही खाली, जिथं आजवर मांडी घातलेले पाय दिसायचे, तिथं एकमेकांवर आडवी टाकलेली दोन हाडं.

"हे काय हाय, आत्या?"

"मले काय माहीत. झाक आधी."

शीतलनं पूजेच्या टोपलीवरचं फडकं काढून दगडावर टाकलं. बयनाबाईनं कवच उचलून मोहाच्या झाडाच्या बुडाशी पालथं ठेवलं. फेकायचं तर ते देवाचं तोंड होतं, आणि ठेवायचं तर आता त्याच्यात कुणी राहत नव्हतं.

बयनाबाईच्या वावरातल्या ह्या दगडाला गावात सटवाई म्हणतात. बाळ जन्मल्यावर पाचव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळी नशीब लिहून जाते, हे कुठल्याही मराठी घरात ठाऊक असतं. पण ह्या गावाचं तेवढ्यावर समाधान होत नाही. लिहिलेलं पक्कं करून घ्यावं लागतं, म्हणून सव्वा महिन्यानं बाळाला इथं आणायचं आणि दगडापुढं उताणं ठेवायचं. जमिनीच्या कागदांसाठी पिढ्यान्‌पिढ्या तहसीलच्या चकरा मारलेल्या माणसांना देवाचंही काम एका खेपेत होईल असं वाटत नसावं. शेंदरातलं सटवाईचं रूप मोठं गोड होतं. मोठं डोकं, गोल डोळे, मांडी घालून बसलेलं बाळच जणू. आता पारावर बसून जगाला अक्कल शिकवणारे म्हातारेसुद्धा कधीतरी त्याच्यापुढं उताणे पडून रडलेले होते.

कवच आजच का निघालं, त्याचं कारण घरचंच होतं. मागच्या उन्हाळ्यात बयनाबाईच्या मुलानं, पंढरीनं, आदिलाबादेहून शेंदराऐवजी नारिंगी ऑइल पेंटचा डबा आणला होता. दरसाली लावत बसण्यापेक्षा एकदाच लावून टाकू, असा त्याचा हिशेब. पेंट वर्षभर चकाकला, यंदाच्या मे महिन्यात फुगला, आणि जाताना पिढ्यांचा शेंदूर सोबत घेऊन गेला. पंढरीचे कायमचे इलाज बहुधा असेच संपतात.

आणि नेमका आजच सव्वा महिना भरत होता. बयनाबाईची थोरली, सुवर्णा, बाळंतपणाला माहेरी आलेली होती. तिचा मुलगा आज दिवस कलल्यावर सटवाईपुढं ठेवायचा होता. त्यासाठी तिची सासू सोनाबाई इचोड्याहून बसनं यायला निघालीही असेल.

"घरी सुवर्णाजवळ बोलू नको," बांधावरून चालताना बयनाबाई म्हणाली. "ते आधीच आडून बसली हाय."

सुवर्णा खरोखरच आडून बसली होती. दोघी घरी पोचल्या तेव्हा ती बाळाला धुरी देऊन खाटेवर घेऊन बसली होती. नवं झबलं घडी घालून उशाशी तसंच पडलेलं. तिनं ते बाळाच्या अंगात घातलेलं नव्हतं.

"माय, मी सकाळी बोलली ते गंमत नाई," ती म्हणाली. "तू मले जागा सांगशीन, तवाच मी ह्याले घेऊन निंगीन."

"असं इचारत नसते, बाई."

"ह्याले नवं झबलं, घुगऱ्या, इचोड्याहून मानसं. अन् तिचा पत्ता नाई. तेबी माह्याच पोटची होती ना?"

तीन वर्षांखाली ह्याच घरात सुवर्णाला मुलगी झाली होती. ती पाचवीच्या आदल्या सकाळी गेली. पाचवी न झालेल्या लेकराच्या कपाळी काही लिहिलेलं नसतं, म्हणून त्याला नाव नाही, सुतक नाही आणि जागाही नाही. घरातली वडीलधारी बाई ते फडक्यात गुंडाळून घेऊन जाते आणि कुठं ठेवलं ते आईला कधीच सांगत नाही. आईला कळलं की तिचा जीव तिकडं ओढ घेतो, आणि मग ते लेकरू पुढच्याला आपल्याकडं बोलावून घेतं, असं म्हणतात. कोण म्हणतं, हे कुणी विचारत नाही. त्या सकाळी फडकं घेऊन बयनाबाई गेली होती, मागं फावडं घेऊन तिचा नवरा सुधाकरराव. दोघं परत आले, न्हाले, आणि त्या दिवसापासून ह्या विषयावर घराला कुलूप लागलं.

"ह्याच्यासाठीच नाई सांगत मी," बयनाबाई म्हणाली. तिची नजर बाळावर होती.

सुवर्णानं बाळाला जवळ ओढलं. ती रडली नाही, आवाजही चढवला नाही.

"मी वावरात जाऊ शकत नाई, माय. तीन सालापासून. पाय ठेवाले भेव वाटते. कोन्या ढेकळावर पडन म्हून."

शीतलला आठवलं, नणंद दिवाळीला आली की कापूस वेचणीच्या दिवसांतही बांधाच्या पुढं जात नसे. सासरी दुकानात बसून उन्हाची सवय गेली, असं ती सांगायची आणि सगळे हसायचे. शीतलही हसली होती. तिला आता त्या हसण्याची लाज वाटली.

बयनाबाईनं सूप ओढलं आणि घुगऱ्यांसाठी काल निवडून ठेवलेली ज्वारी पुन्हा निवडायला बसली. एकही खडा निघाला नाही, तरी ती बराच वेळ निवडत राहिली.

दुपारी ऊन जरा हटल्यावर बयनाबाई पंढरीला आणि शीतलला घेऊन पुन्हा वावरात गेली. ह्या वेळी वाटीत तेलात कालवलेला खरा शेंदूर होता. सोनाबाई यायच्या आत दगडाला पुन्हा तोंड करायचं, असं ठरलं होतं. वावर रिकामं होतं. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून धुऱ्याला, बांधाच्या कडेला, ढीग घातलेले, जमीन नांगरून उन्हात टाकलेली. फक्त दगडाच्या उगवतीला घोंगडीएवढा एक पट्टा तसाच सोडलेला होता. त्याच्यावर मागच्या सालचं गवत वाळून बसलं होतं.

"पाह्य," पंढरी बायकोला म्हणाला. "बाबा टॅक्टरवाल्याच्या फुडं उभे राह्यते अन् इथून वळवाले लावते. नांगराची चांगली दोन तासं पडीक जाते. सटवाईले येवढी जागा लागते काय?"

"लागते," बयनाबाई म्हणाली आणि दगडावरचं फडकं काढलं.

पंढरीनं कवटी पाहिली. तो घाबरला नाही. पाहिल्याबरोबर ओळखीचं हसला.

"माय, हे त लाइटच्या डीपीवरचं निशान हाय. खतरा. फवाऱ्याच्या डब्यावरबी हेच असते." त्यानं मागं सरून आजूबाजूला पाहिलं. "निजामाच्या टायमाले इथं लाइटचा खांब असन."

"निजामाच्या टायमाले तुह्या आजाच्या घरी कंदील नव्हता."

"मंग खाली जहर पुरलं असन. काहीतरी खतरा असल्याबिगर कोनी असं काहाडत नाई."

शीतल दगडाशी बसली होती. हाडांच्या खाली मातीत बुडालेल्या भागावर शेंदराचे खवले अजून चिकटून होते. तिनं नारळाची किशी घेतली आणि घासायला लागली. खवले निघाले, खालून अक्षरं निघाली. काही ठिकाणी दगडाचा टवका उडालेला होता. पण वरची ओळ खोल कोरलेली होती आणि तिला ती बोटांनीच कळली असती. रोज पोरांचे हात धरून ती हीच अक्षरं गिरवून घेते.

"कबर हाय, आत्या. इंग्रजाची."

"कोनाची?"

"लहान पोरीची. लुसी म्हणून नाव होतं. बापाचं नाव तुटलं हाय. फौजेतला कोणी साहेब दिसते."

"लुशी," बयनाबाई म्हणाली. तिनं ते नाव एकदा तोंडात घोळवून पाहिलं. "केवढी होती?"

शीतलनं खालची ओळ पुन्हा घासली. "नऊ तारखेला झाली. बारा तारखेला गेली. मे महिना. साल नीट नाही दिसत, अठराशे काहीतरी."

"उनाळ्याचं लेकरू," बयनाबाई म्हणाली, आणि मग तिनं उजव्या हाताची बोटं एकेक करून मिटली. चौथ्या बोटाशी थांबली.

"म्हंजे पाचवी नाई झाली."

"त्यांच्यात पाचवी नसते, आत्या."

"नसन. पन झाली नाई ना."

नागपूरहून हैदराबादेला निघालेली एखादी फौज इथं मोहाखाली उतरली असेल, त्यात एक पोटुशी बाई असेल, एवढंच शीतलला सुचत होतं. कोरणारा मात्र इथलाच पाथरवट असणार. साहेबानं त्याला कवटी कागदावर काढून दाखवली असेल, पण हाताला सवय मूर्तींची, म्हणून गाल थोडे भरलेलेच राहिले होते. त्या गालांवर पुढं कुणीतरी शेंदूर लावला आणि गावाला बाळ दिसायला लागलं. बाळ दिसलं तसं ते होतंही.

"मुंडकं काऊन काहाडलं मंग लेकराच्या दगडावर?" पंढरीनं विचारलं.

"जुन्या काळी काढत होते. सगळ्यांना एक दिवस असंच व्हायचं आहे, ते लक्षात राहावं म्हणून."

"हे ध्यानात ठेवाले दगड लागते काय त्याईले?" बयनाबाई म्हणाली. पण तिचं लक्ष कवटीकडं नव्हतंच. ती खालच्या अक्षरांवर हात फिरवत होती.

"ह्याच्यात नाव कुठं हाय?"

शीतलनं तिचं बोट धरून चार अक्षरांवर ठेवलं.

"अन् हे असं उघड्यावर लिवून ठेवलं," बयनाबाई हळूच म्हणाली. "साऱ्याईले दिसन असं. तिच्या मायनंबी पाह्यलं असन."

"पाहिलंच असेल. तिनंच लिहून घेतलं असेल कदाचित."

पंढरीनं आभाळाकडं पाहिलं. "माय, चाल ना, शेंदूर लाव. तुह्या इनबाईची, सुवर्णाच्या सासूची, बस यायचा टाइम झाला. तिनं हे मुंडकं पाह्यलं त पोराले ठेवू देनार नाई. अन् साऱ्या इचोड्यात सांगत फिरन का, माह्या नातवाले मसनात नेलं म्हून."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. वाटी समोर होती. बयनाबाईनं बोट शेंदरात बुडवलं, वर काढलं आणि तसंच धरून बसली. तेलाचा एक थेंब मनगटावर ओघळला.

"किती लेकरं ठेवली म्या इथं, माह्या हातानं," ती म्हणाली. "तुले ठेवलं. सुवर्णाले ठेवलं. माह्या सासूनं तुह्या बाबाले ठेवलं. साऱ्याईले हिच्याच फुडं."

"हो ना. मंग?"

"पाचवी न झालेलीच्या फुडं. जागा ठाऊक असलेलीच्या, नाव लिवलेलीच्या फुडं." तिनं मुलाकडं पाहिलं. "येकाले तरी बलावलं काय हिनं?"

"कोन बलावते? माय, तू काय बोलून राह्यली?"

बयनाबाईनं बोट पदराला पुसलं आणि वाटी सुनेच्या हातात दिली.

"शेंदूर राहू दे. घुगऱ्या जास्तीच्या टाक, शीतल. अन् कोरे कागद आन. पेनबी आन."

कोरा कागद आणि पेन पाचवीच्या रात्री ठेवतात, सटवाईला लिहायला. शीतलच्या मनात आलं, आत्या ह्या साहेबाच्या लेकीची राहिलेली पाचवी करणार. तिला हसू आलं नाही, उलट बरं वाटलं.

"किती कागद?"

"दोन."

एक लुसीचा आणि एक आपल्या बाळाचा, असं शीतल समजली.

सोनाबाई उशिरा पोचली. बस इचोड्यालाच खोळंबली होती, आणि सगळा राग तिनं वाटेत कंडक्टरवर काढलेला असल्यामुळं इथं ती बऱ्या मनानं उतरली. हायवेवर तिचं छोटं किराणा दुकान आहे आणि ट्रकवाल्यांशी बोलून बोलून आवाज तसा झाला आहे. बाळाच्या पायात घालायला चांदीचे वाळे, गूळ, टोपडं असं सगळं पिशवीतून काढत ती म्हणाली,

"चाला मंग. पोरगी तयार नाई का अजून?"

सुवर्णा खाटेवरून हलली नव्हती. बयनाबाई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तू चाल," ती म्हणाली. "तिथं आल्यावर ठेवाचं का नाई ठेवाचं, ते तूच ठरव."

आजवर ह्या घरात दुसऱ्यानं ठरवावं, असं बयनाबाई कधी कुणाला म्हणालेली नव्हती. सुवर्णानं आईच्या तोंडाकडं पाहिलं. मग उशाशी पडलेलं झबलं उचललं आणि बाळाच्या अंगात घातलं.

वावरात पोचेपर्यंत ऊन पिवळं झालं होतं. सुधाकरराव आधीच तिथं येऊन धुऱ्यावर उकिडवे बसले होते, डोक्याला दुपट्टा गुंडाळून. सुवर्णा बांधाच्या कडेनं, पायाखाली पाहत पाहत चालली होती. सोनाबाई पुढं होती आणि दगड तिनंच आधी पाहिला.

"इनबाई," ती थांबून म्हणाली. "हे मुर्द्याचं मुंडकं हाय."

"हाय," बयनाबाई म्हणाली.

"अन् माह्या नातवाले ह्याच्याफुडं ठेवता तुमी?"

"तुमच्या सुनेले ठेवलं होतं. पंढरीले ठेवलं होतं. तवा वर शेंदूर होता, येवढंच."

मग तिनं सांगितलं. साहेबाची पोरगी, उन्हाळ्यात झाली, तीन दिवसांनी गेली, आईबापांनी दगड लावला आणि निघून गेले. तिनं ते शेजारच्या घरचं सांगावं तसं सांगितलं. सोनाबाई ऐकता ऐकता खाली बसली. तिनं कवटीकडं पाहिलं, खालच्या अक्षरांकडं पाहिलं.

"मंग त्याईनं परत पाह्यलं नसन कधी," ती म्हणाली. तिचा दुकानातला आवाज कुठं गेला कोण जाणे.

"कुठून पाह्यतीन."

बयनाबाईनं टोपलीतून पळसाच्या पानांचे द्रोण काढले. पहिला द्रोण दगडाच्या अगदी बुडाशी ठेवला, घुगऱ्या घातल्या, कणकेचा दिवा लावला, हळदीकुंकू वाहिलं. शीतलकडून एक कोरा कागद घेऊन तिथं ठेवला आणि वर खडा.

"आधी हिची पाचवी," ती म्हणाली. "राह्यलेली हाय."

दुसरा द्रोण तिनं थोडा अलीकडं मांडला, बाळ ठेवायचं त्या जागेशी. शीतलनं दुसरा कागद पुढं केला. बयनाबाईनं मान हलवली.

"ह्याचं लिवून झालं हाय."

तिसरा द्रोण घेऊन ती उठली. गुडघ्यावर हात टेकत दगडाला वळसा घालून उगवतीला गेली, त्या न नांगरलेल्या पट्ट्यावर. खाली बसून तिनं वाळलेलं गवत हातानं बाजूला केलं. घाई केली नाही. काडी काडी उचलली आणि हात फिरवून माती सारखी केली. मग द्रोण ठेवला, दिवा लावला आणि मागं न पाहता हात पुढं केला. शीतलनं त्या हातात दुसरा कागद दिला. तो देताना तिला पट्टा कळला, दोन तासं कळली, ट्रॅक्टरपुढं उभे राहणारे सासरे कळले. तिनं धुऱ्याकडं पाहिलं. सुधाकरराव तोंड फिरवून पऱ्हाटीच्या ढिगाकडं बघत होते.

"हे कोनाचं, इनबाई?" सोनाबाईनं विचारलं.

आईला सांगायचं नसतं. विहिणीला सांगू नये, असं मात्र कुणी कधी म्हटलेलं नव्हतं. बयनाबाईनं लेकीकडं पाहिलंसुद्धा नाही. सोनाबाईकडं तोंड करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"तुमच्या नातीचं. तिचीबी पाचवी राह्यलीच ना. इथंच हाय ते, ह्या दगडापाशी. दुपारून मोहाची सावली येते इथं. आमी नांगर घालत नाई."

सुवर्णा बांधाच्या कडेला होती तिथंच उभी होती. मग सोनाबाई उठली, तिच्याजवळ गेली आणि दोन्ही हात पुढं केले. सुवर्णानं बाळ त्या हातांत दिलं. पायांतल्या चपला काढून बांधावर ठेवल्या आणि अनवाणी वावरात उतरली. नांगरलेली ढेकळं दिवसभर तापलेली होती. ती त्यांवर पाय टाकत सरळ चालत आली. आता कुठं पाय ठेवायचा नाही, ते तिला ठाऊक होतं.

पट्ट्याच्या कडेला ती बसली. मातीवर तळहात टेकला आणि तसाच ठेवला. बयनाबाई बाजूला सरकली, पण उठली नाही. बऱ्याच वेळानं सुवर्णानं खडा उचलून कागद घेतला.

"शीतल, पेन दे."

पाचवीच्या कागदावर माणसानं लिहायचं नसतं. तो सटवाईसाठी कोरा ठेवायचा असतो. शीतलनं सासूकडं पाहिलं. सासू दिव्याची वात सारखी करत होती, आणि तिनं काहीच ऐकलेलं नव्हतं. शीतलनं पेन दिलं.

सुवर्णानं गुडघ्यावर कागद धरून एक शब्द लिहिला. तिला आठवावं लागलं नाही. बहुतेक तो आधीपासूनच ठरलेला होता. मग तिनं कागद होता तिथं ठेवला आणि वर खडा ठेवला. बयनाबाईला वाचता येत नव्हतं, आणि शीतलनं वाचलं नाही.

"पोरगं भुकेजलं हाय, वो," सोनाबाई मागून म्हणाली. तिनं नाक पदराला पुसलं. "ठेवाचं असन त ठेवा लवकर."

सुवर्णा उठली. लुगड्याला लागलेली माती तिनं झटकली नाही. सासूच्या हातून बाळ घेतलं, टोपडं सारखं केलं आणि कवटीपुढं त्याला स्वतःच उताणं ठेवलं.

ते रडलं. इथं सगळेच रडतात.